गाडीचा पंखा, रेडिएटर आणि ट्रायकोकार्ड : यांत्रिक पंख्याच्या जागी विजेचे पंखे बसवण्यापूर्वी

क्षेत्रीय कामाच्या वाहनाविषयी कीटकशास्त्रज्ञाने लिहावे, हे काही वाचकांस विषयांतर वाटेल. तथापि परोपजीवी मित्रकीटक प्रयोगशाळेतून शेतापर्यंत ज्या गाडीतून जातात, ती गाडी वाटेत तापून उभी राहिली, तर आठवडाभराचे संगोपन काही तासांत वाया जाते. असा प्रसंग प्रस्तुत लेखिकेवर ओढवला. त्याचे मूळ गाडीच्या पंख्याविषयीच्या एका चुकीच्या निर्णयात होते, आणि त्या चुकीचा उलगडा अखेरीस कीटकांपाशीच येऊन झाला. सध्या अनेक सहकारी व शेतकरी आपल्या जुन्या जीप व पिकअप गाड्यांचा पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा काढून विजेचे पंखे बसवून घेत आहेत. त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

माझे वास्तव्य बेंगळुरूच्या इंदिरानगरात आहे. वीस वर्षांहून अधिक वय झालेली माझी स्वतःची डिझेल जीप शंभर फुटी रस्त्याने दोमलूरच्या दिशेने निघाली, की संध्याकाळच्या वेळी अर्धा तास इंच इंच पुढे सरकते. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीपासून या वाटेवर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकू लागला. रस्ता मोकळा मिळाला, की काटा खाली येई. एका गॅरेजमधील मिस्त्रींनी लक्षणे ऐकली आणि क्षणाचाही विलंब न लावता उपाय सांगितला: जुना पंखा काढा, विजेचे दोन पंखे बसवा. लक्षणे व उपाय यांचा मेळ उत्तम बसत होता. मी होकार दिला.

हवा, वेग आणि शक्ती

मिस्त्रींच्या सल्ल्यामागचे शास्त्र खरे आहे, म्हणून ते प्रथम नीट समजून घेऊ. जुन्या जीपमध्ये इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असते. रेडिएटर त्याच्या पुढे, आणि पाण्याच्या पंपाच्या कप्पीवर पंखा. इंजिनचा पट्टा या कप्पीला फिरवतो. पूर्वीच्या अॅम्बॅसेडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींतही हीच रचना होती. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते. त्यामुळे इंजिनचे तोंड रेडिएटरकडे नव्हते, आणि तेथे विजेचा पंखा हाच सोयीचा मार्ग ठरला. आपल्याकडील सामान्य कुटुंबास विजेच्या रेडिएटर पंख्याची ओळख मुख्यतः या गाडीने करून दिली.

पट्ट्यावरचा पंखा इंजिनच्या वेगाशी बांधलेला असतो. पंख्याने ओढलेली हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते; त्याला लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत नुसते गुरगुरत असेल, तर २२५० फेऱ्यांच्या तुलनेत पंखा एक तृतीयांश हवा ओढतो. याउलट २२५० फेऱ्यांवर तो ७५० च्या तुलनेत २७ पट शक्ती खातो. म्हणजे सिग्नलवर, जेथे समोरून वारा येत नाही, तेथे पंखा दुर्बळ. महामार्गावर साधारण ५०-६० किलोमीटर वेगाच्या पुढे समोरचा वाराच बहुधा पुरेसा असतो, आणि नेमका तेथे पंखा सर्वाधिक शक्ती खात मोठ्याने घोंघावतो. या विसंगतीवर मधला तोडगा म्हणून अनेक गाड्यांत व्हिस्कस कपलिंग असते. त्यातील दुहेरी धातूची गुंडाळी रेडिएटरकडून येणाऱ्या हवेने तापली, की आतील सिलिकॉन द्रव पंख्याला कप्पीशी जखडतो. हवा थंड असेल तर पंखा सैल फिरतो. माझ्या जीपमध्ये अशी सोय नव्हती.

विजेचा पंखा हे बंधनच तोडतो. इंजिन मंद असले, तरी तो पूर्ण वेगाने फिरतो. गरज नसेल, तर थांबतो. मधमाश्यांच्या पोळ्यात निसर्गाने हीच व्यवस्था केलेली आहे. पिलाव्याचे तापमान ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखण्यासाठी कामकरी माश्या पंखांनी वारा घालतात. वारा घालण्याचा संबंध बाहेर किती माश्या मकरंद आणत आहेत याच्याशी नसून तापमानाशी असतो. शिवाय सर्व माश्या एकाच अंशावर सुरुवात करत नाहीत. निरनिराळ्या नरांपासून झालेल्या माश्यांचा वारा घालण्यास प्रारंभ करण्याचा उंबरठा वेगवेगळा असतो, आणि त्यामुळे पोळ्याचे तापमान अधिक स्थिर राहते, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. दोन पंखे बसवताना एक ९२ व दुसरा ९७ अंशांवर सुरू होईल असे दोन स्विच लावण्याची पद्धत आहे, ती याच तत्त्वाची. दोन्ही पंखे एकदम सुरू झाले, तर विजेच्या भारालाही एकदम झटका बसतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. विजेचा पंखा ‘फुकट’ चालत नाही. इंजिन पट्टा फिरवते, पट्टा अल्टरनेटर फिरवतो, अल्टरनेटरची वीज मोटर फिरवते, आणि प्रत्येक टप्प्यावर काही शक्ती उष्णतेत जाते. पंख्याच्या दांड्यावर एक एकक शक्ती मिळण्यासाठी इंजिनला ढोबळमानाने अडीच एकके द्यावी लागतात. बचत होते ती पंखा बहुतेक वेळ बंद असतो म्हणून. ज्या कामात पंखा अखंड चालावा लागतो, तेथे बचतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

पंखे बसवल्यावर दोमलूरचा सिग्नल निर्धास्त झाला. काटा मध्यावर स्थिर राहू लागला. मात्र मार्चअखेरीच्या वळिवात एका संध्याकाळी दिवे, वायपर आणि दोन्ही पंखे असे सर्व एकदम चालू होते, आणि तासाभराच्या कोंडीनंतर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होईना. कारण साधे होते. पंखे प्रत्येकी सुमारे ८ अँपिअर घेत होते, पुढचे दिवे १० आणि वायपर व इतर मिळून ५, एकूण ३१. जुना अल्टरनेटर इंजिन मंद असताना जेमतेम २० अँपिअर देत होता. उरलेले ११ बॅटरीतून जात होते. हा हिशेब मी पंखे बसवण्यापूर्वी केला नव्हता.

हावेरीच्या अलीकडे

एप्रिलमध्ये खानापूर तालुक्यातील काही ऊस उत्पादकांसाठी मी २० ट्रायकोकार्ड घेऊन निघाले. सुरू उसात खोडकीड दिसू लागली होती. ट्रायकोकार्ड म्हणजे धान्यातील पतंगाची अंडी चिकटवलेले कागदी कार्ड. त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा या अर्ध्या मिलिमीटरच्या गांधीलमाशीची पिढी वाढत असते. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात आणि हेक्टरी ५० हजार परोपजीवी कीटक सोडण्याची शिफारस आहे. म्हणजे २० कार्डे आठ हेक्टरांस पुरतात. वेळेचे गणित मात्र कडक असते. ट्रायकोग्रामा खोडकिडीच्या अंड्यांवरच काम करते. अळी एकदा बाहेर पडून खोडात शिरली, की या कीटकाचा उपयोग नाही. म्हणून कार्डे थंड पेटीत, गांधीलमाश्या बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी पोहोचतील अशा बेताने नेतात.

पहाटे इंदिरानगर सोडले. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे मागे पडले. हावेरीच्या अलीकडे दुपारी बाराच्या सुमारास, ताशी ६५ किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीचा काटा लाल रेषेवर गेला. दोन्ही पंखे फिरत होते. रस्ता मोकळा होता, समोरून वारा येत होता. तरीही गाडी तापली होती, आणि तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले की फेब्रुवारीत मी ऐकवलेली लक्षणे अपुरी होती. शहराबाहेर ती जीप वर्षभरात फारशी गेलीच नव्हती. महामार्गावर ती तापते की नाही, हे मला ठाऊक नव्हते. मिस्त्रींनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

झाकण उघडण्याचा मोह टाळला. रेडिएटरचे झाकण साधारण ०.९ बार दाब धरून ठेवते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे आणि तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९७ अंशांनाच उकळते. या दाबाखाली ते ११७ अंशांपर्यंत उकळत नाही. दाब एकाएकी सोडला, की तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. गाडी सावलीत ढकलून दीड तास थांबले. पुढे हावेरीत एका गॅरेजमध्ये पंख्यांमागचा पत्रा कापून काढला आणि ताशी ४५ च्या वेगाने पुढचा प्रवास केला. एकूण पाच तास वाढले. पेटीतील बर्फ धारवाडपूर्वीच वितळला होता.

रात्री शेतावर पेटी उघडली, तेव्हा सात कार्डांच्या पाकिटांत गांधीलमाश्या बाहेर पडून काचेवरील धुळीसारख्या चिकटल्या होत्या. वयस्कर शेतकरी काकांनी विजेरीच्या उजेडात पाकीट हलवून पाहिले. “हे मेलेत का, मॅडम?” त्यांनी विचारले. बहुतेक मेले होते. “दोन दिवस झाले पानाखाली अंडी दिसायला लागून,” एवढेच ते पुढे बोलले. उरलेल्या १३ कार्डांत पाच हेक्टरांचे काम झाले. उरलेल्या तीन हेक्टरांसाठी नवी कार्डे पोहोचेपर्यंत नऊ दिवस गेले, आणि तेवढ्या काळात तेथील अंडी फुटून गेली होती.

रेडिएटरमधील संग्रह

परत आल्यावर रेडिएटर पूर्ण उतरवून घेतला. त्याआधी एक साधी चाचणी केली, जी फेब्रुवारीतच करायला हवी होती: रेडिएटरच्या मागे विजेरी धरून पुढून पाहिले. स्वच्छ रेडिएटरच्या फटींतून प्रकाश जाळीसारखा दिसतो. माझ्या रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या भागातून प्रकाश जवळजवळ येतच नव्हता.

फटींत जे अडकले होते, ते पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात भिजवून वेगळे केले. हे काम माझ्या सवयीचे आहे. फक्त सापळा नेहमीचा नव्हता. सर्वाधिक होते वाळवीच्या पंखधारी कीटकांचे पंख, पातळ कागदासारखे, एकावर एक थर बसलेले. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हे थवे दिव्यांकडे झेपावतात, गाडीच्या दिव्यांकडेही. त्याखालोखाल पतंगांचे खवले व धडे, चतुरांचे शेपटीकडचे तुकडे, काही मधमाश्या, आणि हुमणीच्या भुंगेऱ्यांचे टणक पुढचे पंख. हे भुंगेरे वळिवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळींवर जातात. ऊसपट्ट्यातील रस्त्यांवर त्या वेळी गाडी चालवणाऱ्यांना त्यांचा मारा परिचित आहे. या सर्वांवर इंजिनच्या गळक्या तेलाचा ओशट थर आणि त्यात गवताची कुसळे रुतलेली. अनेक पावसाळ्यांची ही भर होती. युरोपात काही संशोधक गाडीच्या काचेवर व नंबरप्लेटवर आपटलेले कीटक मोजून त्यांच्या संख्येतील घट अभ्यासतात. माझ्या रेडिएटरने हीच नोंद कोणी न सांगता ठेवली होती, पण तारखांशिवाय ती निरुपयोगी.

आता दोन्ही कारणे स्पष्ट झाली. पहिले, खालचा अर्धा रेडिएटर कीटकांनी बंद होता. दुसरे, विजेचे पंखे ज्या सपाट पत्र्यावर बसवले होते, त्या पत्र्याने उरलेल्या हवेचीही वाट अडवली होती. रेडिएटर ५० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे २२५० चौरस सेंटिमीटर. २५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन पंख्यांची वर्तुळे मिळून सुमारे ९८० चौरस सेंटिमीटर. निम्म्याहून अधिक पाठ पत्र्याने झाकलेली. सिग्नलवर पंख्यांनी उरलेल्या फटींतून जोर लावून हवा ओढली, म्हणून काटा खाली राहिला आणि मूळ दोष झाकला गेला. महामार्गावर इंजिनची उष्णता कित्येक पट वाढली, आणि वाऱ्याला जायला मार्ग उरला नव्हता.

बर्न्ड हाइनरिख यांनी १९७० मध्ये तंबाखूवरील अळीच्या पतंगावर केलेला प्रयोग या संदर्भात आठवतो. हा मोठा पतंग उडताना छातीच्या स्नायूंत इतकी उष्णता निर्माण करतो, की ती बाहेर टाकली नाही तर तो कोसळेल. त्याचे हृदय गरम रक्तद्रव पोटाकडे ढकलते आणि पोट रेडिएटरसारखे ती उष्णता हवेत सोडते. हाइनरिख यांनी हा रक्तमार्ग बांधून टाकला, तेव्हा समोरून तोच वारा मिळत असूनही उष्ण हवेत उडत राहणे पतंगाला जमेना. गाडीतही हवा ही साखळीतील एकच कडी आहे. पंप, थर्मोस्टॅट, रबरी नळ्या, आतल्या नळ्यांतील क्षार, हेड गॅस्केट यांपैकी कोठेही दोष असला, तर पंखा बदलून तो जात नाही.

रेडिएटर धुतल्यावर मी मूळ पंखा परत बसवला आणि आठवडाभर तीच शंभर फुटी रस्त्याची वाट रोज संध्याकाळी काढली. काटा सिग्नलवर किंचित चढे आणि तेथेच थांबे. या जीपने त्याच पंख्यावर याच शहरात पंधरा-वीस उन्हाळे काढले होते. वाहतूक वाढली हे खरे, पण पंखा तोच होता. बदलले होते ते रेडिएटर. दोष नव्याने उद्भवला असेल, तर आधी जे नव्याने बिघडले ते शोधावे, हे रोगनिदानात आपण शेतकऱ्यांना नेहमी सांगतो.

तरीही बसवायचा असेल तर

काही वाहनांत विजेचा पंखा खरोखर योग्य ठरतो: व्हिस्कस कपलिंग निकामी झालेले आणि सुटा भाग मिळत नाही अशी जुनी गाडी, मुख्यतः शहरातच फिरणारी गाडी, किंवा पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांतून जाणारे क्षेत्रीय वाहन. पाण्यात फिरणारी प्लास्टिकची पाती पुढे वाकून रेडिएटरला घासल्याचे प्रकार होतात; विजेचा पंखा अशा वेळी बंद ठेवता येतो. निर्णयाची कसोटी अशी ठेवावी. गाडी फक्त उभी असताना तापत असेल आणि विजेरीची चाचणी, थर्मोस्टॅट व पट्टा हे सर्व ठीक असेल, तर हवा कमी पडते आहे असे समजावे. गाडी वेगात किंवा चढावर तापत असेल, तर पंख्याला हात लावू नये.

पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणाऱ्या बाजूस बसवावा. पत्रा रेडिएटरला चिकटवू नये. चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवून पेटीसारखे आवरण करावे, म्हणजे पंखा संपूर्ण पृष्ठभागातून हवा ओढू शकतो. आवरणाला रबरी झडपा ठेवाव्यात. उभ्या गाडीत त्या ओढल्या जाऊन बंद होतात आणि वेगात वाऱ्याने उघडतात. पंखा प्लास्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या फटींतून ओवून बांधण्याची पद्धत फार प्रचलित आहे, आणि ती वाईट आहे. थरथरीने नळी घासून वर्षभरात गळती सुरू होते. मूळ पंखा कप्पीवरून काढल्यावर तेच लांब बोल्ट परत आवळले, तर कप्पी सैल राहते. आखूड बोल्ट लावावेत.

विजेची जोडणी डॅशबोर्डच्या बटणातून थेट कधीही करू नये. बॅटरीजवळ फ्यूज, मग रिले, मग पंखा. रिलेला आज्ञा देणारा तापमानाचा स्विच रेडिएटरच्या टाकीत. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते, त्या मानाने तार जाड घ्यावी. यांत्रिक पंखा बंद पडायचा असेल, तर पट्टा तुटावा लागतो आणि ते ताबडतोब कळते. विजेचा पंखा गंजलेल्या एका जोडामुळे गुपचूप बंद पडतो. म्हणून पंखा चालू असल्याचा छोटा दिवा चालकासमोर हवाच, आणि स्विच निकामी झाल्यास पंखा हाताने सुरू करता येईल असे बटणही. अल्टरनेटरचा हिशेब पावसाळी रात्रीच्या कोंडीसाठी करावा. जानेवारीच्या सकाळचा हिशेब फसवा असतो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: हा बदल करू नये. रोटाव्हेटर चालवताना इंजिन पूर्ण भाराखाली असते आणि ट्रॅक्टर ताशी चार-पाच किलोमीटरने सरकतो. समोरून वारा नाही आणि पंख्याला क्षणाचीही विश्रांती नाही. त्याच्या पंख्याला दांड्यावर दीड किलोवॅट लागतात असे धरले, तर १२ व्होल्टच्या यंत्रणेतून सुमारे दीडशे अँपिअर अखंड द्यावे लागतील. तेथे पट्ट्यावरचा पंखाच योग्य. काही मोठ्या कापणी यंत्रांत मधूनमधून उलट दिशेने हवा फेकून भुसकट झटकणारे पंखे असतात. लहान शेतकऱ्याने त्याऐवजी रेडिएटरपुढची जाळी रोज संध्याकाळी झटकली, तरी तेच साधते.

धुण्याविषयी शेवटची सूचना. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे कीटक ज्या वाटेने आत आले त्याच्या उलट दिशेने सोडावे. साध्या नळीचा दाब पुरतो. सर्व्हिस सेंटरमधील जोराची धार तिरपी लागली, तर पातळ पत्र्याच्या फटी वाकून कायमच्या मिटतात. ओशट थर असेल, तर आधी साबणाचे पाणी अर्धा तास मुरू द्यावे. आमच्या भागात वर्षातून दोनदा धुवावे: वळिवाचे भुंगेरे व वाळवीचे थवे संपल्यावर जूनअखेरीस, आणि गवताला कुसळे येऊन गेल्यावर डिसेंबरात.

गेल्या एप्रिलात त्याच शेतावर पुन्हा २० कार्डे नेली. आदल्या रात्री गाडीपुढे उकिडवे बसून विजेरीने रेडिएटर तपासला, मूळ पट्टा व पंखा तपासला. हावेरीला थांबलो ते चहासाठी. काकांनी पाकिटे एकेक उजेडात धरून पाहिली आणि काहीही न बोलता उसात शिरले. विजेचे ते दोन पंखे माझ्याकडे कपाटात आहेत. कोणा सहकाऱ्याच्या गाडीला खरोखरच लागले, तर देईन, पण आधी विजेरी घेऊन येईन.